भाजी उकळलेलं पाणी

आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणी ना कुणी एखाद्या भाजीची नाहीतर धान्याची आरती ओवाळतं. काल शेवग्याचा पाला होता, परवा हुलगे, त्याच्या आदल्या दिवशी जवस. कशात किती लोह, कशात कुठलं अँटिऑक्सिडंट, कशानं रक्त वाढतं, कशानं सांधे मोकळे होतात. खाली जोडलेल्या हातांची आणि फुलांची रांग. मी एकदाही हात जोडले नाहीत. एका बाईंनी मला खासगीत विचारलंसुद्धा, "हा तर तुमचा विषय, तुम्ही काहीच कसं टाकत नाही?" मी लिहिलं, "डोळ्यांना त्रास होतो." डोळे माझे ठणठणीत आहेत.

सोलापुरात मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. 'आहार आणि पोषण' हा माझा लाडका धडा. त्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना डबे उघडायला लावायची. जिच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असेल तिला उभी करायची, शिक्षा म्हणून नव्हे, कौतुकानं. ती बिचारी लाजून चूर, कारण बाकीच्यांच्या डब्यात पोळी. मग मी सांगायची की ज्वारीत तंतू आहेत, शेंगदाण्यात प्रथिनं आहेत, पालेभाजीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह अंगाला लागतं आणि जेवणावर लगेच चहा ढोसला तर चहातलं टॅनिन तेच लोह अडवतं. डाळिंबाचा लाल रंग हा नुसता रंग नाही, तेही एक औषधी द्रव्य आहे. मुली सगळं पाठ करायच्या. आणि एक वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहून खाली जाड रेघ ओढायची: भाजी उकळलेलं पाणी फेकू नये, त्यात जीवनसत्त्वं आणि क्षार उतरलेले असतात. चाचणीत हा प्रश्न ठरलेला. दोन मार्क.

वाक्य खरं होतं. निरोगी माणसासाठी ते आजही खरं आहे. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी विज्ञानाला नावं ठेवेल. विज्ञानाचं काही चुकलं नाही.

मी लग्न केलं नाही. थोरल्या भावाच्या, अण्णाच्या घरीच राहिले. अण्णाचं मंगळवार पेठेत भुसार मालाचं दुकान. घरात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात सुखानं नांदायच्या. वैनी मैंदर्गीची, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, कानडी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मराठी बोलायला तिचं कधी अडलं नाही, पण छापील मराठी कागद घरात आला की तो मी वाचून दाखवायचा, अशी रीत पडली. रेशनची नोटीस असो, औषधाच्या बाटलीवरची सूचना असो, ती पदराला हात पुसत येऊन उभी राहायची आणि मी चष्मा लावून वाचायची. तिला वाचता येत नव्हतं की मीच तिला वाचू देत नव्हते, हे आता मला सांगता येणार नाही.

तिच्या लग्नाला दोन महिने झाले असतील. माझ्या शाळेतल्या दोघीजणी जेवायला आल्या होत्या. वैनीनं अंबाडी उकडली, चांगली पिळली आणि ते पाणी मोरीत ओतलं. मी दारातून बघत होते.

"वैनी, सगळी जीवनसत्त्वं मोरीला पाजलीस की! आता मोरी होईल धडधाकट आणि आम्ही बसतो चोथा चावत."

मैत्रिणी हसल्या. अण्णाही हसला. मला माझ्या विनोदाचं फार कौतुक वाटलं.

"लई आंबट असतंय ओ वन्सं," ती म्हणाली. "आमच्याकडं टाकत्यात."

"तुमच्याकडं टाकतात म्हणूनच सांगतेय," मी म्हणाले आणि ताटं वाढलेली असताना दहा मिनिटं तिला धडा शिकवला. ती भिंतीला टेकून ऐकत होती. नवी नवरी, अंगावर अजून लग्नातली साडी. तिचे कान लाल झाले होते आणि ते मला दिसत होतं.

पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या वाचनात आलं की अंबाडीचं पाणी काढलेलंच बरं. त्यात ऑक्सॅलिक आम्ल असतं, ते पाण्याबरोबर निघून जातं. म्हणजे मैंदर्गीच्या बायका बरोबर होत्या. मला हे कळलं तेव्हा मी ते वैनीला सांगितलं नाही. कशाला सांगायचं? जुनी गोष्ट.

ती मात्र शिकली. त्या दिवसानंतर तिनं भाजीचं पाणी टाकलं नाही. डाळीच्या पाण्याचा कट करायची रीत तिच्या माहेरी होतीच, आता ती पाल्याच्या पाण्याचाही करू लागली. लसूण, जिरं, सुकी मिरची, किंचित गूळ. चाकवताच्या पाण्यात ज्वारीचं पीठ मळायची, भाकरी हिरवट निघायची. शेवग्याच्या शेंगा उकडल्या की पाणी गाळून वाटीभर अण्णाच्या ताटाशी. "आमच्या वन्सं म्हणत्यात, सत्त्व समदं पाण्यात असतंय," हे ती आल्यागेल्याला ऐकवायची आणि मी शेजारी बसून मान डोलवायची. इतक्या वर्षांत इतक्या मुली शिकवल्या, पण धडा असा रोज पाळणारी एकच होती. तिला मी कधी शाबासकी दिली नाही.

अण्णाला साखरेचा आजार जुनाच, रक्तदाबही होता. सत्तरीच्या आसपास त्याचे पाय सुजायला लागले, तोंडाची चव गेली. तपासण्या झाल्या. मूत्रपिंडं थकली आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्हाला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. अण्णाला तेवढ्यात तपासणीचं रक्त द्यायला दुसऱ्या खोलीत नेलं. वैनी बाकावरून उठून माझ्यामागं यायला लागली, तर मी म्हणाले, "तू पिशवी सांभाळ, मी ऐकून येते."

आहारतज्ज्ञ म्हणजे पंचविशीची पोर. तिनं छापील मराठी कागद पुढं ठेवला आणि पेननं एकेका ओळीवर खूण करत निघाली. नारळपाणी बंद. डाळिंब बंद. केळी, टोमॅटो, पालक, शेवगा, शेंगदाणे बंद. ज्यांना मी एकतीस वर्षं वर्गात उभं करून टाळ्या मिळवून दिल्या होत्या, ते सगळे या पोरीनं वर्गाबाहेर काढले.

"यांच्यात पोटॅशियम असतं," ती म्हणाली. "तुम्हा-आम्हाला ते चांगलंच. पण पेशंटच्या किडन्या ते बाहेर टाकू शकत नाहीत. मग ते रक्तात साठतं आणि हृदयावर येतं. म्हणून ज्या भाज्या चालतात त्याही बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी न चुकता टाकून द्यायचं. पोटॅशियम पाण्यात उतरतं."

टाकून द्यायचं, या शब्दांखाली तिनं दोनदा रेघ मारली.

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "मी विज्ञानाची शिक्षिका होते."

"मग प्रश्नच नाही. घरी स्वयंपाक कोण करतं? त्यांना एवढं नीट समजावून सांगा."

घरी आलो. वैनी पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. मी वाचायला लागले. काय काय बंद ते सगळं वाचलं. मीठ किती ते वाचलं. मग त्या ओळीशी आले. 'भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात,' इथपर्यंत वाचलं आणि थांबले.

पुढचे शब्द डोळ्यांसमोर होते, खाली दोन रेघा. मी वर बघितलं. वैनी लक्ष देऊन ऐकत होती. मला वाटलं, आता मी 'पाणी टाकून द्यावे' म्हणाले की हिला अंबाडीची ती दुपार आठवणार. ती मला टोमणा मारणार नव्हती, तो तिचा स्वभावच नव्हे. ती फक्त विचारणार होती, "टाकायचं व्हय?" तेवढं मला सोसवलं नसतं. माझ्या भावाच्या जिवाचा प्रश्न होता आणि मी माझ्या दोन मार्कांच्या वाक्याला कवटाळून बसले होते.

"बाकी नेहमीचंच," मी म्हणाले. कागदाची घडी घातली आणि तो माझ्या कपाटात ठेवला.

उद्या बोलता बोलता सांगू, असं मनाशी ठरवलं. उद्या झालं, परवा झालं. मग म्हटलं, उकळायचं म्हणजे पाणी टाकायचं, हे कुणालाही कळेल, नाहीतर उकळायचं तरी कशाला? हे मी मलाच सांगत होते, आणि खोटं आहे हेही मला कळत होतं. कारण भाजी कशाला उकळायची आणि पाण्याचं काय करायचं, हे तिला मीच शिकवलं होतं.

वैनीनं मात्र ऐकलेला शब्द न् शब्द पाळला. अण्णाच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या पुतण्याच्या, सासऱ्यांनी सांगोल्याहून डाळिंबांची पेटी पाठवली, ती तिनं उघडलीसुद्धा नाही, शेजारी देऊन टाकली. शेंगाचटणीचा डबा वरच्या फळीवर गेला. अण्णा मुलासारखा हट्ट करायचा, "एवढीशी दे की," आणि ती म्हणायची, "वन्संनी वाचलंय, न्हाय म्हंजे न्हाय." त्याच्या भाज्या ती वेगळ्या पातेल्यात उकळायची. आणि एका दुपारी मला त्याच्या ताटाशी वाटी दिसली. फोडणीचा वास येत होता. ते डाळीचं असेल, असं मी स्वतःला म्हणाले. एका वाटीनं काय होतंय, असंही म्हणाले. मी बघितलंच नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी अण्णाला खाटेवरून उठताना पाय उचलेनात. छातीत ठोके चुकल्यासारखं व्हायला लागलं. दवाखान्यात नेलं तर पोटॅशियम फार चढलेलं. इंजेक्शनं दिली, लगेच डायलिसिस केलं, जीव वाचला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा आम्ही सगळे व्हरांड्यात होतो, पुतण्या, सूनबाई, वैनी, मी आणि चार नातेवाईक.

"आहार पाळत होता ना?" डॉक्टरांनी विचारलं. "भाज्या उकळून पाणी टाकत होता ना?"

"पाळत हुतो की," वैनी म्हणाली. आवाजात अभिमान होता, ते मला विसरता येत नाही. "पर पाणी न्हाय टाकलं. त्यातच समदं सत्त्व असतंय की. कट करून ह्यांनाच देत हुते, दोन्ही वेळा."

पुतण्या आपल्या आईवर ओरडला, "अव्वा, अप्पांना विष पाजत होतीस व्हय तू!"

"असं बोलू नका," डॉक्टर म्हणाले. "आजार वाढतच होता. ही वेळ कधीतरी येणारच होती." ते कुणाच्या कानात शिरलं नाही. सगळे वैनीकडं बघत होते आणि वैनी माझ्याकडं. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही.

"कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं," मी म्हणाले.

वर्गातला आवाज लावून म्हणाले. हेही वाक्य खरंच होतं. वैनी माझ्याकडं बघत राहिली, मग तिनं मान खाली घातली.

घरी आल्यावर स्वयंपाकघर सूनबाईच्या हातात गेलं. कागद मी कपाटातून काढून दिला, तो तिनं फ्रीजवर चिकटवला. पहिल्या दिवशी अण्णा वैनीच्या हातचं जेवला, मी बघितलं. तिनं भाकरी कुस्करून दिली, त्यानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिनं आणलेलं ताट हातानं बाजूला सारलं. "सुनेला वाढू दे," म्हणाला. तेव्हापासून त्यानं तिच्या हातचं पाणीदेखील घेतलं नाही.

मला याचं नवल वाटायचं. हा माणूस आमटीत दोनदा मीठ पडलं तरी मुकाट्यानं जेवणारा. दुकानातल्या हमालावर कधी आवाज चढवला नाही. त्याला एवढा राग कसा आला, आणि तो टिकला कसा? जिवाला घाबरला, दुसरं काय, असं मी मनाशी म्हणायची. मला त्याचा रागही यायचा. वैनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून भाज्या निवडून द्यायची. सूनबाई तिथं असेपर्यंत चुलीकडं जायची नाही. आमच्यासाठी भाकऱ्या थापायची ती सूनबाईचं काम आटोपल्यावर. घरात कुणी तिला टाकून बोलत नव्हतं, पण तिनं काही आणून ठेवलं की प्रत्येकजण आधी त्यात डोकावून बघायचा. मीही बघायची.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. रिक्षात अण्णाशेजारी मीच असायची, आणि दर खेपेला आज सांगायचं असं ठरवून निघायची. एकदा सुरुवात केलीसुद्धा.

"अण्णा, तो कागद..."

"जाऊ दे गं," तो म्हणाला आणि त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "तू होतीस म्हणून वाचलो मी."

मी जाऊ दिलं. त्या हाताची ऊब मला सोडवली नाही. इतकी मी लोभी.

चौदाव्या महिन्यात, एका दुपारी, अण्णा गेला. हृदय बंद पडलं.

महिना उलटला. सूनबाई माहेरी सांगोल्याला गेली होती, पुतण्या दुकानात. घरात आम्ही दोघीच. वैनी मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. आता अण्णा नव्हता, त्याच्या नजरेतून उतरायची भीती नव्हती, म्हणून मला धीर आला होता. माझा धीर असा.

"वैनी, त्या दिवशी मी सगळा कागद वाचला नव्हता."

तिचे हात थांबले नाहीत. "म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दवाखान्यात तुमी म्हणालात की, कागदावर लिवलंय म्हणून. तवाच कळलं. तुमी वाचल्यालं एक अक्षर मी विसरत न्हवते वन्सं."

मला तिचा संताप आला, हे लिहायलाही लाज वाटते. मी जवळजवळ ओरडलेच, "मग बोलली का नाहीस? एवढे महिने गप्प का बसलीस?"

"बोलले की."

"कुणाला?"

"ह्यांना." तिनं निवडलेली मेथी टोपलीत टाकली. "दवाखान्यातनं घरी आणलं त्या दिवशी माझ्या हातचं जेवले ते. मला म्हणाले, तू काय जाणूनबुजून केलं न्हाईस, रडू नकोस. मला लई बरं वाटलं. मग म्हटलं ह्यांच्यापाशी काय लपवायचं, आणि खरं काय ते सांगितलं. वन्संनी वाचलंच न्हवतं म्हणून."

"मग?" मी विचारलं.

"तवा चिडले," ती म्हणाली. "आपली चूक झाकायला माझ्या बहिणीवर आळ घेतीस, म्हणाले. माझ्या चुकीचं त्यांनी मनावर घेतलंच न्हवतं ओ. मी तुमचं नाव घेतलं, तितनं ताट सारलं."

मेथीची जुडी संपली होती. तिनं देठं गोळा केली, कागदात बांधली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी एक डाव त्यांना खरं सांगितलं असतं, तर जेवले असते की ते माझ्या हातचं."